चित्रकलेचा तास परत कसा मागायचा?

प्रश्न : ताई, माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीत आहे. वेळापत्रकात बुधवारी आणि शनिवारी चित्रकला लिहिलीय पण वर्षभरात वहीत चारच चित्रं, बाकीचे तास गणिताला जातात. आधी एक सर मानधनावर यायचे, ते बंद झाले. मुख्याध्यापकांना विचारलं तर म्हणाले एवढी आवड आहे तर क्लास लावा. क्लास तालुक्याच्या गावाला, मला झेपत नाही. मी भांडू की गप्प बसू? (एक आई, बार्शी तालुका)

उत्तर : ताई, गप्प बसू नका. ‘क्लास लावा’ हे वाक्य मी इतक्या आयांकडून ऐकलंय की आता राग येतो, कारण ज्याला परवडतं तो क्लास लावतोच हो, ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी तर शाळा आहे. आणि तुम्ही काही जादाचं मागत नाही, वेळापत्रकात छापलेलाच तास मागताय.

आता कायद्याचं सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी लिहिलंय की १०० च्या वर मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांच्यासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे ठरावीक तासांपुरते येऊन शिकवणारे शिक्षक, हवेत. तुमच्याकडे जे मानधनावर सर यायचे ते बहुतेक हेच. तेव्हा आधी सहावी ते आठवीचा पट किती आहे ते विचारा. १०० च्या वर असेल तर अर्जात सरळ ही तरतूद लिहा. कमी असेल तर निदेशकाचा मुद्दा थोडा मागे पडेल पण तास तर वेळापत्रकात आहेच ना, तो गणिताला देऊन टाका असं कुठलाच कायदा म्हणत नाही.

एकटीने मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये जाऊन भांडू नका, त्याने मुलीलाच अवघड जातं. शाळा व्यवस्थापन समिती असते ना, तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. चार आया मिळून तिथे विषय मांडा. ही समिती शाळा विकास आराखडा करते, त्यावरच शाळेला मिळणाऱ्या निधीचं ठरतं, आणि बहुतेक गावांत तो आराखडा म्हणजे पत्रे, नळ, रंगरंगोटी एवढाच असतो. त्यात कला निदेशक आणि कागद-रंगाचा खर्च लिहून घ्या, इतिवृत्तात नोंद आहे का ते बघूनच सही करा.

आणि निदेशक येईपर्यंत तास रिकामा ठेवायचा नाही. गावात कुंभार असतील तर त्यांना महिन्यातून दोनदा बोलवा. नुसती काळी माती वाळताना तडकते म्हणून ते तिच्यात राख किंवा लीद मिसळतात, किती मिसळायची हे त्यांच्या हाताला कळतं, मुलांना ते मळताना बघू दे, स्वतः मळू दे. रांगोळीचे ठिपके, गेरू, खापराचे तुकडे, हे सगळं घरात आहेच. सेवाग्रामला नयी तालीमच्या, म्हणजे हाताच्या कामातून शिकवायच्या गांधीजींच्या पद्धतीच्या, शाळेत १९४० च्या दशकात शांतिनिकेतनमध्ये शिकून आलेले देवीप्रसाद मुलांना चित्रं शिकवायचे, आणि ती शाळा सूत कातणारी, शेती करणारी, तिथे पैसे कुठले. पण कलेला जागा होती. तेव्हा पैसा नाही हे कारण मला पटत नाही.

प्रश्न : मुलगा नववीत आहे, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसलाय. क्लासमध्ये स्मरणचित्रं पाठ करून घेतात, ‘बाजार’ आला की हे काढायचं, ‘बसस्टॉप’ आला की ते. हे बरोबर आहे का? दहावीला मार्क मिळतात म्हणून सोडवतही नाही. (एक वडील, नाशिक)

उत्तर : मार्कांचं आधी. इंटरमिजिएटला ए ग्रेड असेल तर दहावीला ७, बीला ५ आणि सीला ३ वाढीव गुण मिळतात. मुलाला बसू द्या, परीक्षा वाईट नाही, कला संचालनालयाच्या या परीक्षांमुळेच कितीतरी छोट्या गावांतल्या पोरांनी पहिल्यांदा ब्रश धरला.

पण पाठ केलेलं स्मरणचित्र म्हणजे ज्याचं स्मरणच नाही असं चित्र! मी २६ वर्षं शिकवलं. एका वर्षी ‘बाजार’ दिला तर पन्नासेक कागदांवर तीच टोपलीवाली बाई, तोच फुगेवाला, मागे तोच तंबू. मग एका मुलीला म्हटलं तुझी आई बाजारात बसते ना, ती कुठे बसते, तिच्यासमोर काय असतं ते काढ. तिने मिरच्यांचा ढीग काढला आणि तराजूच्या एका पारड्याखाली बांधलेली कॅरीबॅग, का तर पारडं हलकं होतं म्हणून. माणसांचे हात वाकडे आले होते. पण ते चित्र मला अजून आठवतं, बाकीचे पन्नास नाही.

वस्तुचित्रातही हेच. कप ठेवला की मुलं त्याचा कान काढतातच, त्यांच्या जागेवरून दिसत नसला तरी, कारण डोक्यातल्या कपाला कान असतो. मग मी त्यांना उठवून बाकाभोवती फिरवायची, परत बसवायची आणि विचारायची, आता सांग काय दिसतंय. नीट बघायला शिकणं, मला वाटतं चित्रकलेच्या तासाचं मोठं काम हेच, आणि त्याला वेळ लागतो, ३५ मिनिटांच्या एका तासात तर रंग काढून होईस्तोवर घंटा होते. शाळेत दोन तास जोडून मागा. आणि क्लासच्या सरांना सांगा की आठवड्यातून एक चित्र पाठांतराचं नको, त्याने स्वतः जाऊन बघून आलेल्या जागेचं हवं.

प्रश्न : मी खासगी शाळेत संगीत शिकवते. डिसेंबरमध्ये सगळ्यांना माझी आठवण येते, गॅदरिंग झालं की माझे तास सिलॅबस पूर्ण करायला जातात. काय करू? (एक शिक्षिका, पुणे)

उत्तर : तुमचं दुःख मला माहीत आहे. गॅदरिंगला २० मुलं निवडली जातात, आवाज चांगला म्हणून, आणि उरलेली शेकडो मुलं टाळ्या वाजवायला. जी बेसुरी आहेत त्यांनाच तर तास हवा, सूर ऐकून ऐकून लागतो. व्यवस्थापनाशी बोलताना २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण समोर ठेवा, त्यात कला आणि विज्ञान, अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर अशी कडक फारकत नको असं स्पष्ट म्हटलंय, आणि खासगी शाळांना आपल्या जाहिरातीत हे धोरण छापायला आवडतं. प्रत्येक वर्गाचा वर्षाचा आराखडा लिहून द्या, जूनमध्ये काय, ऑगस्टमध्ये काय, कुठली मुलं काय ऐकतील, काय म्हणतील. ‘गाणी बसवते’ एवढंच लिहिलं तर तुमचा तास पहिला जाईल. आणि हे डिसेंबरात बोलू नका, मे महिन्यातच बोला, वेळापत्रक लागायच्या आधी.