हिंगणा एमआयडीसीतल्या छोट्या प्लेटिंग (धातूचा मुलामा देणाऱ्या) युनिटचं निकेल-तांब्याचं पाणी संत्र्याच्या सालींनी साफ होईल का?

होईल, पण फक्त शेवटच्या टप्प्यात. चुना किंवा कॉस्टिक घालून धातूंचा गाळ बसवल्यावर पाण्यात जे थोडं निकेल-तांबं उरतं, तेवढं टिपायला साल कामाची आहे. सांडपाण्याच्या तपासण्या करतो, त्या अनुभवावरून सांगतोय. सालीतल्या पेक्टिनमध्ये (जॅम घट्ट करणाऱ्या पदार्थात) कार्बोक्सिल नावाचे रासायनिक गट असतात आणि धनभारित धातू-आयन त्यांना धरून बसतात. त्यासाठी सामू (पीएच) ५ च्या आसपास हवा. चुन्यानंतरचं पाणी ९ च्या पुढे असतं, म्हणून आधी आम्ल घालून तो खाली आणा. फार खाली गेला तर हायड्रोजन आयनच त्या जागा अडवतात. कच्ची साल मात्र कधीच टाकू नका. तिच्यातली साखर आणि रंग पाण्यात उतरतात, सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) वाढतो आणि एक काम सोडवताना दुसरं अंगावर येतं. ज्यूसवाल्याकडून साल आणा (नागपुरात हंगामात तिला तोटा नाही) आणि:

- धुवा, वाळवा, जाडसर दळा
- चुन्याच्या निवळीत भिजवा, म्हणजे पेक्टिन कॅल्शियमने बांधलं जाईल
- पुन्हा धुऊन कॉलममध्ये, म्हणजे पाणी ज्यातून सोडायचं त्या उभ्या नळीत, भरा

पाण्यात हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) असेल तर हा उपाय चालणार नाही. ते ऋणभारित असतं, त्याचं आधी क्षपण करावंच लागतं (रसायन घालून त्याला कमी घातक, धनभारित रूपात आणावं लागतं), आणि नदी-नाल्यात सोडताना त्याची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. वापरलेली साल खतात किंवा चुलीत घालू नका. ती आता घातक कचरा आहे, बुटीबोरीच्या प्रक्रिया केंद्रातच पाठवा.