३० मीटर मनोऱ्यावर कोणता कॅमेरा लावावा?

तुमच्या कारखान्याच्या यार्डातल्या ३० मीटर मनोऱ्यावरून ट्रकची रांग आणि कुंपण दिसायला हवं, असं तुम्ही विचारलंय. मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका. तेवढ्या उंचीवरून साध्या फिक्स कॅमेऱ्यात माणसं म्हणजे नुसती डोकी दिसतात. २५ पट किंवा जास्त ऑप्टिकल झूमचा (म्हणजे भिंगानं चित्र जवळ आणणारा) पीटीझेड, म्हणजे दूरूनच फिरवता-वाकवता आणि झूम करता येणारा कॅमेरा घ्या. डिजिटल झूम नुसतं चित्र ताणून मोठं करतो, तो हिशेबात धरूच नका. नंबरप्लेट मात्र वरून वाचायचा हट्ट सोडा, गेटवर खाली वेगळा कॅमेरा लावा.

रात्रीचं गणित बहुतेक जण चुकवतात. मनोऱ्याच्या पायथ्यापासून ४० मीटरवरचा ट्रक कॅमेऱ्यापासून सरळ रेषेत ५० मीटर लांब असतो. म्हणजे ‘आयआर ३० मीटर’वाला, म्हणजे अंधारात ज्याचा इन्फ्रारेड प्रकाश ३० मीटरपर्यंतच पोचतो असा कॅमेरा तिथं आंधळाच! १०० ते १५० मीटरचा घ्या. धूळ-पाण्यापासून बचावाचं आयपी६६ रेटिंग हवंच.

पीओई केबल (एकाच नेटवर्क केबलमधून डेटा आणि वीज दोन्ही) १०० मीटरपर्यंतच चालते, आणि त्यात मनोऱ्याची उंचीही आली. पीटीझेडला साधा १५ वॅटचा पीओई बऱ्याचदा पुरत नाही, केबलला वीज देणारा नेटवर्क स्विच घेण्याआधी वॅट बघा.

खरी भीती आकाशातून पडणाऱ्या विजेची. कॅमेरा तडितरक्षकाच्या टोकाखाली ठेवा, केबलच्या दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक झटका अडवणारं उपकरण) लावा, अर्थिंग तपासून घ्या. आमच्याकडे हे राहून गेलं होतं. वळवाच्या पहिल्याच पावसात कॅमेरा गेला, खालचा स्विचही गेला.

ब्रॅकेट दोन क्लॅम्पचा, जाड. वाऱ्यानं मनोरा डोलतो, आणि पूर्ण झूमवर तेवढ्यानंही चित्र थरथरतं.