पुळणीवरची मुरकुटे आणि काळा आजार

प्रश्न : संध्याकाळी पुळणीवर बसले की बारीक मुरकुटे चावतात. काळा आजार पसरवणारी वाळूमाशी ती हीच का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : नाही. नावामुळे हा घोटाळा होतो. खरी वाळूमाशी समुद्राच्या वाळूत नव्हे, तर मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यात आणि शेणकचरा मिसळलेल्या ओलसर मातीत वाढते. पुळणीवर चावणारी मुरकुटे बहुधा वेगळ्याच कुळातील असतात. त्यांच्या दंशाने खाज सुटते, काळा आजार (कालाझार, म्हणजे दीर्घकाळ ताप येऊन प्लीहा वाढणारा रोग) मात्र होत नाही. वाळूमाशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, केसाळ, फिकट रंगाची असून बसताना पंख इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे उभे धरते आणि टुणटुण उड्या मारल्यासारखी उडते. चावते ती केवळ मादी, बहुधा रात्री.

भारतात काळ्या आजाराचे परजीवी मुख्यतः वाळूमाशीची फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस ही जात वाहून नेते. स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन या संशोधकांनी १९४२ मध्ये हे सिद्ध केले. हा आजार प्रामुख्याने बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगाल या राज्यांत आढळत आला आहे. आपल्या राज्याशी अधिक जवळचे नाते आहे ते चांदीपुरा विषाणूचे : तो १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा येथे प्रथम सापडला, वाळूमाशीमार्फतच पसरतो आणि लहान मुलांना मेंदूज्वर होऊन काही तासांत प्रकृती गंभीर होऊ शकते.

साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून ही माशी सहज आत शिरते, म्हणून कीटकनाशक लावलेली किंवा बारीक विणीची मच्छरदाणी वापरावी, भिंतींच्या भेगा लिंपाव्यात आणि गोठा घरापासून दूर व कोरडा ठेवावा.