श्टुटगार्टमधील खोली आणि स्वयंपाकघरातले जर्मन

तुम्ही कळवले आहे की श्टुटगार्ट विद्यापीठात ऑक्टोबरच्या सत्रासाठी तुमचा प्रवेश निश्चित झाला आहे, अभ्यासक्रम इंग्रजीतून आहे आणि पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात तुमचे ए-2 या प्राथमिक पातळीपर्यंतचे जर्मन झाले आहे. आता पुण्याच्याच तीन मैत्रिणींबरोबर खासगी फ्लॅट घ्यावा, की फायहिंगेन भागातल्या वसतिगृहात अनोळखी मुलामुलींबरोबर सामायिक स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी, असा तुमचा प्रश्न आहे. मी या दोन्ही प्रकारे राहिले आहे आणि माझे उत्तर वसतिगृह असे आहे. त्यामागे भाड्याचाही विचार आहे, पण मुख्य कारण भाषेचे आहे.

मी 2018 च्या ऑक्टोबरमध्ये इथे आले तेव्हा आम्ही चौघी मराठी मुली एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. त्या घराने मला पहिल्या हिवाळ्यात सांभाळले, हे मी कधीही विसरणार नाही; दुपारी साडेचारला अंधार पडू लागतो त्या दिवसांत घरी परतल्यावर कुणीतरी पिठले टाकलेले असणे ही फार मोठी गोष्ट असते. परंतु वर्गात इंग्रजी, घरात मराठी आणि दुकानात पैसे देताना एखादा शब्द, असा दिवस जात असल्यामुळे सहा महिन्यांनी माझे जर्मन पुण्याहून आणले होते तेवढेही उरले नव्हते.

त्याची किंमत मला घर सोडताना कळली. इथे घर ताब्यात घेताना उबरगाबे-प्रोटोकोल नावाचा कागद भरतात. भिंत, खिडकी, नळ, जमीन कोणत्या स्थितीत मिळाली हे त्यात खोलीवार लिहिलेले असते आणि त्यावर तुमची सही घेतली जाते. माझ्या खोलीच्या खिडकीच्या चौकटीला आतून काळी बुरशी होती, पण कागदावर त्या रकान्यात ‘आइनवांडफ्राय’ असा एकच शब्द होता. त्याचा अर्थ ‘काहीही दोष नाही’ असा होतो हे मला ठाऊक नव्हते आणि घरमालक घाईत असल्यामुळे विचारायचा संकोच वाटला. जाताना तीच बुरशी माझ्या नावावर लागली आणि अनामत रकमेतून पैसे कापले गेले. तुम्ही कुठेही राहिलात तरी तो कागद शब्दकोश हातात घेऊन वाचा, प्रत्येक ओरखड्याचे छायाचित्र काढा आणि जे दिसते ते लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. अनामत, म्हणजे काउत्सिओन, कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकी, म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे खर्च सोडून जे मूळ भाडे असते त्याच्या तिपटीपर्यंतच घेता येते आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा तुम्हाला हक्क असतो. हेही बहुतेकांना आधी माहीत नसते. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या बंद खात्यातून सध्या महिन्याला 992 युरोच हातात येतात, त्यामुळे हप्त्यांचा हा आधार लहान नाही.

त्यानंतर मी वसतिगृहात आले आणि तिथे बारा जणांत एक स्वयंपाकघर होते. फ्रिजच्या दारावर साफसफाईच्या पाळ्यांचा तक्ता लावलेला असे. पहिल्याच आठवड्यात समोरच्या खोलीतल्या मुलीने मला विचारले, की रेस्टम्युल खाली नेलास का. म्युल म्हणजे कचरा हे पुस्तकातून माहीत होते. रेस्टम्युल म्हणजे कागद, वेष्टने, ओला कचरा आणि काच वेगळी काढल्यावर जे उरते ते, हे तिने मला पाचही डबे उघडून दाखवले. ‘इश ब्रिंगे देन म्युल राउस’, म्हणजे ‘मी कचरा बाहेर नेते’, हे वाक्य मी त्या दिवशी शिकले आणि क्रियापदाचा एक तुकडा तुटून वाक्याच्या शेवटी का जातो, पुल्लिंगी नामाआधीच्या ‘देर’चे ‘देन’ कधी होते, हे वर्गात दोनदा शिकवूनही जे बसले नव्हते ते त्या डब्यांपाशी कायमचे बसले. म्हणूनच मी म्हणते की तुम्ही खोली निवडता तेव्हा रोज कोणत्या भाषेत भांडी घासणार आहात हेही ठरवत असता.

मराठी माणसाला जर्मन अवघड जाते हा समज मला मान्य नाही. आपल्याकडे तो, ती, ते अशी तिन्ही लिंगे आहेत, त्यामुळे नामाआधी लिंगानुसार येणारे देर, दी, दास ही कल्पना आपल्याला परकी नाही. फक्त लिंगे जुळतीलच असे नाही. चमचा तिथेही पुल्लिंगी आहे, पण किल्ली पुल्लिंगी होते आणि सुरी नपुंसकलिंगी. एकवीस, बावीस म्हणताना आपण एकक आधी आणि दशक नंतर बोलतो, जर्मनही तेच करतात. ‘वाइल’ने सुरू होणाऱ्या उपवाक्यात क्रियापद शेवटी जाते तेव्हा इंग्रजी डोक्यात ठेवणारा अडखळतो, ‘कारण मी आजारी आहे’ असे मराठीतून जुळवले की ‘वाइल इश क्रांक बिन’ आपोआप बरोबर येते. घरमालकाला आणि कार्यालयात ‘झी’, वसतिगृहातल्या मुलांना ‘दू’, हा तुम्ही आणि तू यांचा भेदही आपल्या अंगवळणी पडलेला आहे. माझी कळकळीची विनंती आहे की जर्मन शिकताना इंग्रजीचा पूल करू नका.

श्टुटगार्टची बोली श्वाबी आहे आणि तिची तयारी ए-2 मध्ये होत नाही. ‘नाही’ या अर्थाच्या ‘निष्ट’चे ‘नेट’ होते, आणि आपल्या कानाला ‘मी’ म्हणून ओळखीचा झालेला ‘इश’ हा उच्चार तिथे ‘आहे’ या अर्थाने येतो. घाबरू नका, प्रमाण जर्मनमध्ये सांगाल का असे विचारले तर लोक आवर्जून सांगतात. खासगी इमारतीत राहिलात तर केरवोखे पाळावा लागेल, म्हणजे ज्या आठवड्यात तुमच्या दाराला ती पाटी लटकवलेली असेल त्या आठवड्यात जिना आणि अंगण झाडण्याची पाळी तुमची. या शब्दातला ‘केर’ झाडण्याच्या क्रियापदातून आला आहे, तेव्हा तो मराठी माणसाला वेगळा पाठ करावा लागत नाही. पाळी चुकवली तर शेजाऱ्यांच्या मनातून उतरायला एक आठवडा पुरतो.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करायची असते आणि त्यासाठी घर देणाऱ्याचे लेखी प्रमाणपत्र लागते; ते देणार नाही असे म्हणणाऱ्याकडे खोली घेऊ नका, आणि खोली किंवा करार न दाखवता परदेशातून अनामत मागणाऱ्याला एक युरोही पाठवू नका. पोहोचल्या दिवशी पत्रपेटीवर स्वतःचे आडनाव चिकटवा. नाव नसेल तर टपाल परत जाते, आणि बँकेपासून करक्रमांकापर्यंत सारे टपालानेच येते. नभोवाणी-दूरचित्रवाणी शुल्काचे 18.36 युरो दर महिन्याला प्रत्येक घरामागे द्यावे लागतात. एकत्र फ्लॅटमध्ये ते वाटून घेता येतात, पण सार्वजनिक कॉरिडॉरमध्ये दार उघडणारी वसतिगृहाची खोली सहसा स्वतंत्र घर धरली जाते.

वसतिगृहाची प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून अर्ज आजच करा आणि सप्टेंबरपर्यंत खोली मिळाली नाही तर काही महिन्यांसाठी कुणाची खोली पोटभाड्याने घ्या; मैत्रिणींबरोबर पूर्ण वर्षाचा करार मात्र लगेच करू नका. त्या तिघी जवळपास राहिल्या तर रविवारी एकत्र जेवता येईलच.

शेवटी तुम्ही कुकर आणावा का असे विचारले आहे. जरूर आणा, पण इंडक्शनवर चालणारा स्टीलचा आणा, कारण काही ठिकाणी इंडक्शनची शेगडी असते. पहिल्यांदा लावाल तेव्हा स्वयंपाकघरात जे कुणी असतील त्यांना आधी ‘देर टोप्फ प्फाइफ्ट ग्लाइश’, म्हणजे भांडे आता शिट्टी देईल, एवढे सांगा. त्यांच्याकडे भांडे पुल्लिंगी आहे, आपल्या कुकरसारखेच.