एसडीएसवरचा ‘एलसी५०’ आकडा मोठा असला म्हणजे सॉल्व्हंट बिनधोक असतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही कुपवाड एमआयडीसीत थिनर भरायच्या युनिटमध्ये कामाला आहात. थिनरमधल्या टोल्युईन या सॉल्व्हंटच्या एसडीएसवर (रसायनासोबत येणाऱ्या सुरक्षा माहितीपत्रकावर) ‘एलसी५०, श्वसन, उंदीर, ४ तास: २८.१ मिग्रॅ/लिटर’ असं छापलंय आणि सुपरवायझर म्हणतात, आकडा मोठा आहे, म्हणजे घाबरायचं कारण नाही. शिवाय अशी चाचणी आपल्या थिनरचीही करून घ्यावी लागेल का, असंही तुम्ही विचारलंय.

आकडा बरोबर आहे, पण सुपरवायझरांनी त्याचा अर्थ भलताच काढलाय. मी पूर्वी अशा चाचण्या करणाऱ्या एका प्रयोगशाळेत श्वसन विभागात होतो. आता सांगली-मिरज भागातल्या कारखान्यांचं सेफ्टीचं काम बघतो. एलसी५० म्हणजे हवेतली जी तीव्रता निम्म्या उंदरांना मारेल ती. हा आकडा येतो कुठून, तेच आधी सांगतो.

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ४०३ क्रमांकाची चाचणी पद्धत त्यासाठी वापरतात. ती १९८१ सालची, २००९ मध्ये सुधारली. ८ ते १२ आठवड्यांचे पांढरे उंदीर घेतात, नर आणि मादी दोन्ही. मक्याच्या कणसासारखा स्टीलचा उभा खांब आणि दाण्यांच्या जागी चहूबाजूंनी खोचलेल्या नळ्या, असं ते यंत्र दिसतं. प्रत्येक नळीत एक उंदीर, त्याचं फक्त नाक आतल्या पोकळीकडे. सगळं अंग वाफेत ठेवलं तर रसायन केसांवर बसतं, उंदीर ते चाटतो आणि मग नाकातून किती गेलं आणि पोटातून किती, याचा पत्ता लागत नाही. उंदीर तोंडाने श्वास घेत नाही, त्यामुळे नाकासमोरची हवा मोजली की काम होतं. ती हवा सारखी तपासत राहावी लागते, कारण सॉल्व्हंट किती ओतलं यावरून काढलेली तीव्रता आणि नाकापाशी प्रत्यक्ष असलेली तीव्रता यांत बराच फरक पडू शकतो. ऑक्सिजन १९ टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचा नाही, नाहीतर उंदीर रसायनाने मेला की गुदमरून, हेच कळायचं नाही.

असं चार तास. मग उंदीर पिंजऱ्यात परत ठेवायचे आणि १४ दिवस बघायचे. कामाचा जीव खरा इथे आहे. डोळे अर्धवट मिटलेत का, नाकाभोवती लालसर तपकिरी डाग आलाय का, श्वास घेताना कुशी आत ओढल्या जातात का, चालताना मागचे पाय फाकतात का, हे वहीत लिहायचं. वजन घ्यायचं. शेवटी सगळ्यांचं शवविच्छेदन, फुप्फुसं नीट बघून. एखादा उंदीर फारच हाल सोसत असेल तर त्याला वेदना न होता मारतात आणि मेलेल्यांत मोजतात. वेगवेगळ्या तीव्रतांना किती मेले त्यावरून हिशोब मांडून जी तीव्रता निम्म्यांना मारेल असं निघतं, ती एलसी५०.

म्हणजे या आकड्यात मोजलंय काय, तर फक्त मेला की जगला. टोल्युईन मेंदूवर गुंगी आणतं. चार तास वाफ घेऊन मान टाकून पडलेला उंदीर नंतर उठून खायला लागला तर तो जगलेल्यांत जातो. वहीत गुंगीची नोंद असते, पण एसडीएसवरच्या त्या एका आकड्यात तिला जागा नाही. तुमच्या फिलिंग लाइनवरचा माणूस चार तास निपचित पडून पुन्हा उठला, तर त्याला आपण बिनधोक म्हणू का?

आता हिशोब करून बघा. २८.१ मिग्रॅ प्रतिलिटर म्हणजे एका घनमीटरला २८,१०० मिग्रॅ, म्हणजे साधारण साडेसात हजार पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग वाफ). २०२५ पर्यंत लागू असलेल्या फॅक्टरीज अ‍ॅक्टच्या दुसऱ्या अनुसूचीत टोल्युईनची आठ तासांची मर्यादा १०० पीपीएम दिली होती. अमेरिकेतल्या एसीजीआयएच या कामगार-आरोग्य तज्ज्ञांच्या संस्थेने तर ती २० वर आणलीय. ५०० पीपीएम ही जिवाला तातडीचा धोका असलेली पातळी धरतात. आणि साधारण ११,००० पीपीएमला टोल्युईनची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. सुपरवायझरांचा ‘मोठा आकडा’ स्फोटाच्या उंबरठ्याच्या निम्म्याहून वर आहे, हे त्यांना जरूर सांगा.

मग लेबलवर कवटीचं चित्र का नाही? जीएचएस या रसायनांच्या वर्गीकरणाच्या जागतिक पद्धतीत वाफेसाठी कवटी फक्त पहिल्या तीन वर्गांना, म्हणजे १० मिग्रॅ प्रतिलिटरपर्यंत लागते, आणि त्याहून सौम्य चौथा वर्ग २० ला संपतो. २८.१ त्याच्या पलीकडे, म्हणून ‘श्वासावाटे तीव्र विषारी’ हा शिक्का लागत नाही, एवढंच. त्याच एसडीएसचा दुसरा विभाग उघडा. तिथे एच३३६ म्हणजे गुंगी, एच३७३ म्हणजे वारंवार संपर्काने अवयवांना इजा, एच३६१डी म्हणजे पोटातल्या बाळाला अपाय होण्याची शंका, हे सगळं दिसेल. तुमच्याकडे पॅकिंगला बायका असतील तर हा शेवटचा कोड त्यांना मराठीत समजावून सांगितलाच पाहिजे. काम करताना किती वाफ चालेल, हे मात्र आठव्या विभागात असतं. एलसी५० अकराव्यात. बहुतेक जण अकरावा वाचतात आणि आठवा सोडतात, का ते मला कधी उमगलं नाही.

एक गोष्ट मात्र मला झोप लागू देत नाही, ती म्हणजे टाकी आणि बॅरल. बंद बॅरलमध्ये २० अंशाला टोल्युईनची वाफ जवळपास २९,००० पीपीएमपर्यंत साठू शकते. आपल्या सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४० ला टेकला की त्याच्या अडीचपटीहून जास्त. उंदरांना मारणारी साडेसात हजारांची तीव्रता तुम्हाला कुठे भेटेल, तर मिक्सिंग टाकी खरवडायला उतरलेल्या माणसाच्या नाकाशी. वाफ हवेच्या तिप्पट जड, त्यामुळे टाकी वरून उघडी ठेवली तरी तळाशी ती तशीच बसून राहते. वासावरही भरवसा नको. हळदीच्या किंवा बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनिया सुटला तर डोळे-घसा माणसाला बाहेर पळवतात. टोल्युईनचा वास मात्र नाकाला थोड्या वेळात सवयीचा होतो, आणि मग गुंगीमुळे आपल्याला काही होतंय हेही कळत नाही.

थिनरच्या चाचणीबद्दल: गरज नाही. टोल्युईनची माहिती कधीचीच उपलब्ध आहे आणि मिश्रणाचा वर्ग घटकांच्या प्रमाणावरून गणिताने काढता येतो. जी माहिती आधीच आहे ती मिळवायला पुन्हा उंदीर वापरायला प्राणी नैतिकता समितीनेही परवानगी देऊ नये. दर टप्प्याला तीन नर आणि तीन मादी उंदीर घेऊन जाणारी ओईसीडीची ४३६ क्रमांकाची पद्धतही २००९ मध्ये आली, तीही मुळात प्राणी कमी लागावेत म्हणूनच. खर्च करायचाच असेल तर फिलिंगच्या जागी, कामगाराच्या कॉलरला सॅम्पलर लावून हवा मोजून घ्या. तो आकडा तुमच्या शेडचा असेल.

तोवर फिलिंगच्या तोंडाशी वाफ खेचणारा एक्झॉस्ट बसवा, छताचा पंखा त्या कामाचा नाही. थिनरने हात धुणं आजच बंद करा. कापडी किंवा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही, मास्कला सेंद्रिय रसायनांची वाफ शोषणारं कार्ट्रिज लागतं. आणि टाकीत उतरायला ते कार्ट्रिजही चालत नाही: परमिट, आतली हवा मीटरने तपासणं, बाहेरून पाइपने येणारी श्वासाची हवा आणि वर दोरी धरून उभा असलेला माणूस, यातली एक जरी गोष्ट कमी असेल तर कोणी कितीही घाई केली तरी उतरू नका.