थोडक्यात वाचलास, पण सांगितलंस कुणाला?

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. उंच रॅकवरून पाना निसटला, तुझ्या पायापासून हातभर लांब पडला, सगळे हसले आणि काम पुढे सुरू झालं, असं तू गमतीत लिहिलं आहेस. मी मात्र तिथेच अडकलो. तो पाना पडला का, हे कुणी वर जाऊन पाहिलं? रॅकला पुढे पट्टी नसेल, किंवा आधीच्या शिफ्टने घाईत कडेलाच टेकवला असेल. कारण तसंच राहिलं तर तो पुन्हा पडेल, आणि तेव्हा खाली कोण उभं असेल ते कुणाच्याच हातात नाही.

अशा प्रसंगाला ‘नियर मिस’ म्हणतात. हर्बर्ट हाइनरिक या विमा कंपनीतल्या माणसाने १९३१ साली हिशेब मांडला होता: एका मोठ्या अपघातामागे २९ किरकोळ दुखापती आणि ३०० बिनदुखापतीच्या घटना. या आकड्यांवर पुढे भरपूर वाद झाले आणि मीही ते शब्दशः घेत नाही. पण दुखापत न होता जे घडून जातं, ते फुकटात मिळालेली सूचना असते, एवढं नक्की. म्हणून त्याच दिवशी दोन ओळी लिहून दे: कुठे, कधी, काय, आणि तुझ्या मते कशामुळे. कारणाच्या जागी ‘निष्काळजीपणा’ लिहू नकोस. तो शब्द आला की चौकशी तिथेच संपते.

आता गार्डबद्दल, म्हणजे मशीनच्या फिरत्या भागावरच्या संरक्षक झाकणाबद्दल. एखाद्या मशीनच्या गार्डचे चारपैकी तीन बोल्ट गायब असतील आणि ते तारेने अडकवलेलं असेल, तर समज की कुणीतरी ते दिवसातून अनेकदा काढतं. उगाच नाही काढत. माल अडकतो, गार्ड उघडायला वेळ जातो, वरून टार्गेटचा तगादा. हे साहेबांना केबिनमधून दिसत नाही, तुला दिसतं. ‘गार्ड लावा’ ही पाटी सगळ्यांनी वाचलेली असते. ‘माल इथे अडकतो, म्हणून गार्ड काढावं लागतं, बिजागरी आणि इंटरलॉक (गार्ड उघडताच मशीन थांबवणारी कळ) बसवा’ हे सांगणारा सापडत नाही. तो तू हो. आणि फिरत्या शाफ्टजवळ किंवा ड्रिलवर हातमोजे घालू नकोस. तिथे मोजा हात वाचवत नाही, आत ओढतो.

दुरुस्तीच्या वेळी बटण बंद केलं म्हणजे मशीन बंद झालं असं नाही. मेन स्विचला स्वतःचं कुलूप लाव, तुझ्या नावाचा टॅग अडकव, किल्ली स्वतःच्या खिशात ठेव. लाइनमधली दाबाखालची हवा सोड, वर उचललेला भाग टेकवून घे. मग सगळ्यांना बाजूला करून स्टार्टचं बटण दाबून बघ. हे शेवटचं पाऊल लोक हमखास गाळतात, आणि चुकीच्या स्विचला कुलूप लागलं असेल तर ते तिथेच कळतं.

टाकी, मॅनहोल, खड्डा यांच्याबाबत मात्र मी कडक आहे. आत कुणी कोसळलेला दिसला तरी त्याच्या मागोमाग आत उडी मारायची नाही. अशा जागी मरणाऱ्यांत वाचवायला गेलेलेच पुष्कळ असतात. हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा वास सडक्या अंड्यासारखा, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. म्हणून वास गेला म्हणजे वायू गेला असं धरू नये. साध्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की ती जागा धोक्याची. हे मीटरनेच कळतं. आरडाओरडा कर, मदत बोलाव, बाहेर थांब.

राहिला तुझा खरा प्रश्न: नवखा असताना फोरमनला ‘थांबा’ कसं म्हणायचं? गंभीर धोका समोर दिसत असताना कामावरून बाजूला होणाऱ्याला त्याचा त्रास होऊ नये, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या करारातच आहे. पण कारखान्यात कलम सांगून भागत नाही. चढ्या आवाजात बोलू नकोस, नकारही देऊ नकोस. ‘ब्रेकरला कुलूप लागलंय का बघून येतो, मग लगेच सुरू करतो’ एवढंच म्हण आणि बघायला नीघ. बहुतेक फोरमन याला हरकत घेत नाहीत. घेतलीच, तर तीच गोष्ट सेफ्टी ऑफिसरला लेखी दे, तारीख घाल आणि एक प्रत स्वतःजवळ ठेव.

तुझा,
काका