मॅच झकास दिसते, मग आमचं कीर्तनच का अडकतं?

प्रश्न: आमचं गाव सांगोला तालुक्यात. यंदा सप्ताहात काल्याचं कीर्तन पुण्या-मुंबईतल्या पोरांसाठी यूट्यूबवर लाइव्ह केलं, पण सारखं गोल फिरत राहिलं, आवाज तुटला, शेवटी सगळ्यांनी बंदच केलं. त्याच मोबाइलवर क्रिकेट मॅच एकदम झकास दिसते, मग आमच्याच वेळेला नेट का मरतं?

उत्तर: दादा, मॅच बघताना व्हिडिओ तुमच्याकडे येतो, कीर्तन दाखवताना तो तुमच्याकडून जातो, आणि या दोन वाटा सारख्या रुंद नसतात. २०१६ ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, तेव्हापासून बघणं वाढलं, पण मुळातच लोक बघतात खूप आणि पाठवतात थोडं, त्यामुळे मोबाइल नेटमध्ये येणाऱ्या डेटालाच जास्त जागा असते. त्यात काल्याला अख्खा गाव मांडवात, सगळ्यांचे फोन एकाच टॉवरवर, मग तुमच्या वाट्याला काय उरणार!

बघणारे किती याची मात्र काळजी करू नका. २०२३ च्या वर्ल्डकप फायनलला हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी लोक होते, हे जमतं कारण बघणाऱ्याला जवळच्या सर्व्हरवरून व्हिडिओ मिळतो. तुम्हाला तो यूट्यूबपर्यंत एकदाच पोचवायचाय. सगळं अडतं ते मांडवातून बाहेर पडतानाच.

म्हणून रोज कीर्तनाच्याच वेळेला मांडवात उभं राहून स्पीड टेस्ट करा आणि फक्त अपलोडचा, म्हणजे बाहेर जाणाऱ्या डेटाचा आकडा बघा. ७२०पी म्हणजे स्वच्छ चित्राला साधारण ४ एमबीपीएस (नेटच्या वेगाचं माप) सलग लागतात, तेवढे नसतील तर सरळ ४८० वर या, चित्र थोडं पुसट चालेल पण महाराजांचा शब्द तुटता कामा नये, आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरमधूनच घ्या.

खरा इलाज फायबर, म्हणजे केबलमधून येणारं नेट. भारतनेट ही योजना २०११ ला मंजूर झाली (तेव्हा नाव वेगळं होतं), देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत केबल न्यायची म्हणून. तुमच्या पंचायतीत ती आलीये का, चालू आहे का, हे ग्रामसभेत विचाराच, हा गावाचा हक्क आहे असं मला मनापासून वाटतं. चालू असेल तर तिथून देवळापर्यंत कनेक्शन मिळेल का ते बघा, आणि राउटर, फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरवर ठेवा, लाइट गेली की फायबर असूनही नेट जातं. शिवाय दुसऱ्या एका फोनवर साधं रेकॉर्डिंग चालूच ठेवा, लाइव्ह तुटलंच तर रात्री टॉवर मोकळा झाल्यावर ते अपलोड करता येतं, पोरं सकाळी बघतील.